भरिताचा नंबर

त्या रविवारी माझ्या घरी अकरा पानांचा स्वयंपाक तयार होता आणि मी हॉटेलात बसून शेवभाजी खात होतो.

जळगावात. एस.टी. स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर. तीन टेबलं एकाला एक लावलेली. कचेरीतले दहा जण आणि अकरावा मी. मधोमध नाना. नाना म्हणजे आमचे हेडक्लार्क. अंगात सफारी, कपाळावर गंध, बोलणं गोड. ते बोटं चाटत म्हणाले, "वा! तुमची पार्टी लक्षात राहील." सगळे हसले. मीही हसलो. इतकी वर्षं झाली, बाकीचं थोडंफार बोथट झालं, पण मी हसलो हे अजून टोचतं.

तासाभरापूर्वी नाना स्कूटरवर आमच्या वस्तीच्या तोंडाशी आले होते. आत आले नाहीत. हॉर्न वाजवला. मला वाटलं, पहिला पाहुणा आला. मी धावत गेलो. केसांना धुराचा वास, हाताला काजळी. नाना स्कूटरवरून उतरले नाहीत. म्हणाले, "अहो, आम्ही सगळ्यांनी ठरवलं, आज हॉटेलातच जमू. वहिनींना कशाला एवढा त्रास? तेवढाच त्यांनाही आराम."

मी म्हणालो, "नाना, सगळं तयार आहे."

"बसा मागे. सगळे थांबलेत."

आणि मी बसलो. घरात जाऊन सांगितलंसुद्धा नाही. वळून फक्त ओरडलो, "आलोच." दारात माझी बायको सुमन उभी होती. तिच्या हातात केळीचं पान होतं, ती ते ओल्या फडक्यानं पुसत होती.

आता हा नंबर काय होता ते सांगतो. जळगावच्या कुठल्याही कचेरीत तेव्हा हे चालायचं. दिवाळी झाली, थंडी पडली, बाजारात हिरवी भरिताची वांगी आली की दर रविवारी एकाच्या घरी भरीत. दिवाळीनंतर चिठ्ठ्या काढायच्या, यादी करायची. आमची यादी नानांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली असायची. ज्याचा नंबर झाला त्याच्या नावावर नाना लाल पेन्सिलीनं रेघ मारायचे. सोमवारी सकाळी कचेरीचं पहिलं काम ते. मग अर्धा दिवस कालच्या भरिताची चर्चा. कोणाच्या बायकोनं लसूण जास्त टाकला, कोणाकडे कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकर होती, कोणाकडे पुरी. आणि शेवटी नाना म्हणणारच, "हॉटेलातलं खाऊन पोट बिघडतं हो. घरच्या हातची चव ती चव."

मी कचेरीत लागलो तेव्हा पहिली दोन वर्षं माझं नाव यादीत नव्हतं. "तुम्ही नवीन आहात, तुम्ही नुसतं जेवायला यायचं," नाना म्हणाले होते. मला केवढं अप्रूप वाटलं होतं. मी पारोळ्याकडच्या खेड्यातला, महाराचा. बापाच्या पिढीत आम्ही बौद्ध झालो. गावातल्या पाटलाच्या ओसरीवर माझा बाप कधी बसला नाही आणि मी कचेरीतल्या सगळ्यांच्या घरी जाऊन त्यांच्या पंगतीत बसत होतो. घरी येऊन सुमनला सांगायचो, "दुनिया बदलली बरं का. सगळ्यांसोबत एका रांगेत बसलो." ती ऐकून घ्यायची. एकदा तिनं विचारलं, "ताटमां वाढतस का पानवर?"

मी म्हणालो, पानावर. भरीत केळीच्या पानावरच खातात. इथं केळीला काय तोटा.

मला तिचा प्रश्न तेव्हा कळला नाही. मी मॅट्रिक झालेला, कचेरीत फायली चालवणारा. ती सातवीतून शाळा सुटलेली. पण तिला कळलं होतं. पानावर सगळे सारखे दिसतात, कारण जेवण झालं की पान उकिरड्यावर जातं. ते कोणाला घासावं लागत नाही. पाणी मला नेहमी काचेच्या ग्लासात मिळायचं, बाकीच्यांना पितळी पेल्यात. मला वाटायचं, मी पाहुणा म्हणून काचेचा.

तिसऱ्या वर्षी मीच नाव घातलं. चिठ्ठीवर लिहिलं आणि नानांच्या डब्यात टाकलं. नानांनी चिठ्ठी उघडली, वाचली, चष्मा काढून पुसला. म्हणाले, "बरं बरं. छान." नाव यादीत गेलं. डिसेंबरातला रविवार.

सुमननं महिनाभर आधीपासून कंबर कसली. आमच्याकडे बडगी नव्हती. बडगी म्हणजे भरीत ठेचायची लाकडी, पसरट, खोलगट परात. ती नसेल तर भरीत होत नाही, वांग्याचा नुसता लगदा होतो. शेजारपाजारच्या वापरल्या बडगीत साहेबलोकांसाठी करायचं नाही म्हणून तिनं भावाला निरोप धाडला. त्यानं कडुनिंबाच्या लाकडाची नवी बडगी करून घेतली आणि पारोळ्याहून एस.टी.च्या टपावर टाकून आणली. ती तिनं आठ दिवस तेल पाजून मुरवली. आमच्या खोलीला चुना दिला. भिंतीवरचा निळ्या कोटातला फोटो पुसला. मी म्हणालो, "आजच्या दिवस फोटो आतल्या बाजूला लावू का?" हेही मी म्हणालो. लपवत नाही. फोटो जागेवर राहिला.

रविवारी पहाटेपासून ती कामाला लागली. यावलकडची वांगी, एकेक हातभर. कपाशीच्या काड्यांवर भाजली. मिरच्या, लसूण बडगीत ठेचला. वरून शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. कळण्याच्या भाकरी. घरात जागा नव्हती म्हणून दारापुढचं अंगण शेणानं सारवलं. अकरा पानं धुऊन ठेवली. आणि मी नानांच्या स्कूटरवर मागे बसून हॉटेलात गेलो.

हॉटेलाचं मला तसं वावडं नव्हतं. उलट. माझ्या गावच्या स्टँडवर हॉटेल होतं, तिथं आमच्यासाठी कप बाहेर खिळ्याला टांगलेले होते. कान तुटलेले. बाप चहा प्यायचा, कप स्वतः विसळायचा आणि परत खिळ्याला लावायचा. शिकायला जळगावला आलो आणि पहिल्यांदा फरशीच्या टेबलाला बसून मिसळ मागवली तेव्हा मला रडू आलं होतं. आडनाव न विचारता प्लेट समोर आली. खाऊन उठलो, प्लेट तिथंच राहिली. लोक घरच्या जेवणाचं कौतुक करतात तेव्हा मी गप्प राहतो. तुमच्या घरचं जेवण तुम्हाला गोड. मला माणूस म्हणून पहिली प्लेट हॉटेलानं दिली.

तेच हॉटेल त्यांनी माझ्या तोंडावर मारलं.

जेवता जेवता मला ठसका लागला. हात धुवायला म्हणून मागे गेलो. मागे भटारखाना. तिथं चुलीपुढे एक बाई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली आणि माझे पायच थबकले. सखुअक्का. आमच्याच गावची, आमच्याच आळीतली. नवरा गेल्यावर जळगावला निघून गेली एवढंच ऐकून होतो. तिनं मला ओळखलं. बाहेरचे हसण्याचे आवाज ऐकले. माझ्या तोंडाकडे बघितलं. पिठाचा हात तसाच वर करून हळूच म्हणाली, "भाऊ, बोलू नको. आठे मी दुसरं आडनाव सांगेल शे. मनं पोट शे हाई."

मी परत येऊन बसलो. समोर नाना भाकरीचा पापुद्रा सोडवून बघत होते. म्हणाले, "भाकर बघा कशी फुगलीये. अगदी घरच्यासारखी."

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. एक वाक्य. ते बोललो असतो तर दहाच्या दहा जण मोरीकडे धावले असते. आणि सखुअक्का रस्त्यावर आली असती. मी वाक्य गिळलं. भाकरी गिळली. बिल माझ्यापुढे आलं, ते दिलं. ते हॉटेल बंद होऊन जमाना झाला, अक्काही आता नाही, म्हणून आज हे लिहू शकतो.

घरी आलो तेव्हा दोन वाजून गेले होते. अंगणात अकरा पानं तशीच मांडलेली. ऊन लागून कडेनं वाकली होती. सुमन उंबऱ्यावर बसलेली.

"लोके कोठे शेतस?"

मी सांगितलं. जमेल तसं. तिला आराम व्हावा म्हणून, असंही म्हणालो. नानांचंच वाक्य माझ्या तोंडून आलं.

तिनं विचारलं, "तुम्ही जेवी उनात?"

हो, जेवून आलो, अशी मी मान हलवली.

ती म्हणाली, "मना हातनं त्यासले चालस नही, हाई मले माहीत व्हतं. पन तुमले बी नही चालनं?"

ती रडली असती, भांडली असती, भांडी आपटली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं त्यातलं काही केलं नाही. एक पान ओढलं. त्यावर भरीत घेतलं, भाकर घेतली, कांदा फोडला आणि माझ्यासमोर बसून जेवली. लग्नाला पाच वर्षं झाली होती, मी तिला माझ्याआधी जेवताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. सावकाश जेवली. मग उठून वस्तीतल्या बायांना हाका मारल्या. उरलेल्या दहा पानांवर बाया बसल्या. "भरीत भलतं चांगलं व्हयनं," म्हणत त्यांनी बडगी पुसून खाल्ली. मला कोणी बस म्हणालं नाही. मी घराच्या मागे नळाजवळ जाऊन बसलो. पोटात हॉटेलची शेवभाजी होती, ती सगळी बाहेर पडली.

त्या नळापाशी मला समजलं की अपमान नानांनी केला तो केला. ते त्यांचं होतं. पण स्कूटरवर मी माझ्या पायांनी चढलो होतो. मला कोणी बांधून नेलं नव्हतं. दोन वर्षं मी एका रांगेत बसलो, एका रांगेत बसलो म्हणून नाचत होतो आणि माझ्या बायकोच्या हातची भाकर मीच सगळ्यांआधी बाटवली.

सोमवारी कचेरीत गेलो. नाना कपाट उघडून उभे होते. हातात लाल पेन्सिल. माझ्या नावावर रेघ मारून झाली होती. म्हणाले, "झाला बरं का तुमचा नंबर."

मी म्हणालो, "झाला नाही."

"अहो, काल आपण..."

"काल आपण हॉटेलात होतो. भरिताचा नंबर घरी असतो. माझा झालेला नाही. येत्या रविवारी माझ्याकडे."

मी त्यांच्या हातातून पेन्सिल घेतली. खोडलेल्या नावाच्या खाली, यादीच्या मधल्या कोऱ्या जागेत, माझं नाव परत लिहिलं. मोठ्या अक्षरात. सगळी कचेरी टाइपरायटर थांबवून बघत होती. माझ्या शेजारच्या टेबलावरचा कारकून दबक्या आवाजात म्हणाला, "एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं." मी म्हणालो, "मग कुठं लावून घ्यायचं ते सांग."

घरी येऊन सुमनला सांगितलं, येत्या रविवारी परत. ती भाकरी थापत होती, थांबली नाही.

"आते मी नही रांधस. तुमना पाव्हना, तुम्हीच रांधा."

मला चहाशिवाय काही येत नव्हतं. पण तिचं खरं होतं. हॉटेलात प्लेट आयती, घरात ताट आयतं. माझं बंडसुद्धा मी तिच्याकडून रांधून घ्यायला निघालो होतो. त्या रविवारी पहाटे मी उठलो. काड्या पेटवल्या. पहिली दोन वांगी कोळसा झाली. ती दारात उभी राहून म्हणाली, "वांगं फिरावा, जळी ऱ्हायनं." तेवढंच. पुढे हात लावला नाही. मिरच्या ठेचताना डोळ्यांत गेल्या, हातांची दोन दिवस आग होत होती. भाकरी जमल्या नाहीत, जाड झाल्या, फाटल्या. बारा वाजता मी अंगणात अकरा पानं मांडली. पाणी शिंपडलं. वस्तीच्या तोंडाकडे बघत बसलो.

कोणी आलं नाही.

मला ठाऊक होतं. तरी तीन वाजेपर्यंत बसलो. मग आम्ही दोघं जेवलो. भरिताला धुराचा वास होता आणि मीठ कमी होतं. सुमन म्हणाली, "खावासारखं शे." मी आयुष्यात इतकं पोटभर जेवलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी कपाटाच्या दारावरून यादी गायब झाली. नंबर चालू राहिले, फक्त मला कळू द्यायचे नाहीत. सोमवारी मी आत आलो की भरिताच्या गप्पा बंद व्हायच्या. चालेल. त्यांना तोंडं लपवावी लागली, मला नाही. मी दर हिवाळ्यात एका सोमवारी उठून मोठ्यानं सांगायचो, "येत्या रविवारी माझ्याकडे भरीत आहे." सगळे फायलीत डोकं घालायचे. आणि कचेरीतल्या कोणाबरोबर हॉटेलात चहा प्यायला जाणं मी सोडलं. "चला हो, चहाला काय होतं," म्हणायचे. मी म्हणायचो, "आधी माझ्या घरी पाणी प्या, मग चहा पिऊ." लोक मला खडूस म्हणू लागले. साहेबांकडे तक्रार गेली की हा माणूस कचेरीत जात काढतो. जात मी काढली म्हणे. ती तोवर कोणाला दिसलीच नव्हती.

नव्वदनंतर माझी बदली धुळ्याला झाली, पुढे मीही हेडक्लार्क झालो. आता नव्या पोरांना माझ्या सहीची गरज होती. तीच तोंडं, फक्त नावं वेगळी. "साहेब, वहिनींच्या हातचं भरीत कधी खाऊ घालता?" मी म्हणालो, "वहिनी नाही, मीच करतो. माझ्या घरी ताटात जेवायचं. पुढच्या आठवड्यात मी तुमच्या घरी ताटात जेवणार." दोघं आले, जेवले. त्यांच्या घरी मी गेलो, जेवलो, ताट तिथंच ठेवून हात धुतले. मी त्यांचे आभार मानले नाहीत, त्यांनीही माझे मानू नयेत. बाकीच्यांनी विचारलं, "साहेब, भरीत पानावरच बरं लागतं, नाही का?" त्यांना मी बोलावलं नाही.

मग एका हिवाळ्यात नाना आले. रिटायर झालेले, वाकलेले. त्यांच्या नोकरीतली काही वर्षं धुळ्यात गेली होती, तिथला एक दाखला पेन्शनसाठी अडला होता. मला टेबलामागे बघून त्यांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, हा आता खेटे घालायला लावणार. मी शिपायाला पाठवून जुनं दफ्तर काढलं, दाखला तयार केला, वरच्या साहेबांची सही घेतली. दीड तासात हातात दिला. नानांचा जीव भांड्यात पडला. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुम्ही मोठ्या मनाचे. भूक लागली बुवा. चला हॉटेलात, आज माझ्याकडून."

मी म्हणालो, "हॉटेलात नको, नाना. घर कचेरीच्या मागंच आहे. सकाळी वांगी भाजलीत. ताटात वाढतो."

नानांनी माझा हात सोडला. घड्याळाकडे बघितलं. म्हणाले, "आज गुरुवार ना. माझा उपास असतो."

"मग उद्या या. धुळ्याची गाडी तासातासाला आहे."

"अजून तेच धरून बसलात?"

"हो."

ते गेले. मी खिडकीतून बघितलं नाही ते कुठल्या हॉटेलात शिरले. मला बघायचंही नव्हतं. मी घरी गेलो, सुमनला वाढलं, मला वाढून घेतलं. बडगी तीच आहे, भावानं टपावर टाकून आणलेली. दर दिवाळीनंतर तिला तेल पाजतो. मी पाजतो.

लोक सांगतात, सोडून द्या आता, जमाना पुढे गेला, हॉटेलात कोण कोणाची जात विचारतं. बरोबर आहे. हॉटेलात विचारत नाहीत, म्हणून तर तुम्ही मला तिथं नेता. मी येणार नाही. माझ्या उंबऱ्याच्या आत बसून माझ्या ताटात जेवल्याशिवाय कोणाच्या पैशाचा घोटभर चहाही माझ्या तोंडात जाणार नाही. आणि माझ्या नावावर रेघ मारायला लाल पेन्सिल यापुढे कोणाच्याही हातात राहू देणार नाही. माझा नंबर अजून झालेला नाही.